ऊन लागलेल्या माणसाचा पहिला तास

चैत्र-वैशाखाचे ऊन आपल्याला नवे नाही. उन्हात ढेकळे फोडायची, वरातीत चालायचे, जत्रेला जायचे, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो. म्हणून कुणाला ऊन लागले की आपण म्हणतो, "काही नाही, जरा सावलीत निजू द्या. उतरेल." पुष्कळदा ते उतरतेही. पण कधी कधी उतरत नाही, आणि तासा-दोन तासांत धडधाकट माणूस हातचा जातो.

असे का होते? अशा वेळी घरच्यांनी काय करायचे? आणि इस्पितळात नेल्यावर तिथे रोग्याचे काय करतात? या तीन गोष्टी आम्ही या पाठात सांगणार आहोत.

खारघरचा रविवार

१६ एप्रिल २०२३ चा तो दिवस. वार रविवार. नवी मुंबईत खारघर येथे मोकळ्या मैदानात राज्य सरकारचा मोठा कार्यक्रम होता. आप्पासाहेब धर्माधिकारी यांना 'महाराष्ट्र भूषण' पुरस्कार द्यायचा होता. गावोगावची लाखो माणसे आली होती. काही तर आदल्या दिवशीच येऊन राहिली होती. कार्यक्रम भर दुपारपर्यंत चालला. समोर बसलेल्या लोकांच्या डोक्यावर मांडव नव्हता. त्या दिवशी जवळच्या हवामान केंद्रात ३८ अंश तापमान नोंदले गेले.

पुष्कळांना घेरी आली, ओकाऱ्या झाल्या. काही बेशुद्ध पडले. कामोठ्याचे एमजीएम रुग्णालय आणि आसपासची इतर रुग्णालये यांत रोगी नेण्यात आले. कितीतरी जण उपचाराने बरे झाले. पण १४ माणसे दगावली. सरकारने मृतांच्या वारसांना पाच-पाच लाख रुपये देण्याचे जाहीर केले. रोग्यांच्या औषधपाण्याचा खर्चही उचलला. पण पैशाने गेलेले माणूस परत येते का?

आता ३८ अंश हा आकडा बघा. नागपूर-चंद्रपूरकडच्या माणसाला तो ऐकून हसू येईल. तिकडे उन्हाळ्यात ४५ अंशांपर्यंत पारा चढतो. मग ३८ अंशांत माणसे कशी दगावली?

याचे उत्तर आपल्या घरातल्या माठापाशी आहे.

माठ आणि माणूस

माठातले पाणी गार का होते? माठ पाझरतो. बाहेर आलेले पाणी वाऱ्याने वाळते. वाळताना ते माठातली उष्णता घेऊन जाते. म्हणून आतले पाणी गार राहते. पावसाळ्यात हवा दमट असते. तेव्हा माठ ओला राहतो, पण पाणी काही तितके गार होत नाही. कारण बाहेरचे पाणी वाळतच नाही.

माणसाचे अंगही माठासारखेच आहे. घाम म्हणजे आपला पाझर. घाम वाळला की अंग गार होते. नवी मुंबई खाडीकाठी वसलेली. शेजारी समुद्र. तिथली हवा दमट. घाम येतो, अंगावरून ओघळतो, पण लवकर वाळत नाही. अंगातली उष्णता अंगातच राहते. त्यातून माणूस दाटीत बसला तर वाराही लागत नाही. म्हणून कोकणपट्टीतले ३८ अंश हे देशावरच्या कोरड्या ३८ अंशांपेक्षा वाईट. आपले हवामान खातेही हा फरक धरते. सपाट मुलखात पारा ४० अंशांना पोचला म्हणजे उष्णतेच्या लाटेचा विचार करतात. समुद्रकाठी तो ३७ अंशांपासूनच करतात.

आता माठात पाणीच नसेल तर? तर पाझर कशाचा? जो माणूस सकाळपासून पाणी प्यालेला नाही, त्याला घाम येणार कुठून? बायामाणसे प्रवासात, सभेत, कामावर पाणी पीत नाहीत. लघवीला जायची सोय नसते म्हणून. ही सवय उन्हाळ्यात फार घातक आहे.

नुसते ऊन लागणे आणि उष्माघात

आपल्या अंगाची उष्णता नेहमी ३७ अंशांच्या आसपास असते. घरातल्या जुन्या तापमापकावर ती ९८.६ दिसते. उन्हात राबले की ती थोडी वाढते. मग डोके दुखते, मळमळते, पोटऱ्यांत गोळे येतात, गळून गेल्यासारखे वाटते. एवढ्यावर सावध झाले तर माणूस सावरतो. सावलीत बसावे, कपडे सैल करावे, घोट घोट पाणी प्यावे. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा घ्यावा. हे पाणी उत्तम. ताक आणि कैरीचे पन्हेही चांगले.

पण अंगाची उष्णता ४० अंशांच्या, म्हणजे १०४ च्या वर गेली आणि तिचा परिणाम मेंदूवर झाला, तर तो उष्माघात. इथे सरबत-पन्ह्याचे काम संपले. आता इस्पितळच पाहिजे.

हे ओळखायचे कसे? तापमापक नसेल तरी ओळखता येते. माणसाला त्याचे नाव विचारा. गावाचे नाव विचारा. "आज वार कोणता?" म्हणून विचारा. तो भलतेच बोलतो, बरळतो, दारू प्याल्यासारखा झोकांड्या खातो, उगाच चिडतो, अंगाला हिसडे देतो किंवा हाकेला ओ देत नाही, तर मेंदूला चटका बसला आहे असे समजा. त्याचे अंग तव्यासारखे तापलेले असते. पुष्कळदा घाम थांबून कातडी कोरडी पडते. पण राबता राबता पडलेल्या माणसाला घाम चालूही असतो. तेव्हा घाम दिसला म्हणून फसू नका.

आधी पाणी, मग प्रवास

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. उष्माघातात अंग किती तापले, याच्याइतकेच ते किती वेळ तापलेले राहिले, याला महत्त्व आहे. पहिल्या अर्ध्या तासात अंग ३९ अंशांच्या खाली आणता आले तर जीव वाचण्याचा फार मोठा संभव असतो. इस्पितळ तासभर लांब असेल आणि तोवर रोगी तसाच तापत राहिला, तर उत्तम डॉक्टरांचेही हात बांधले जातात. म्हणून उपचार रानातच, रस्त्यातच, मैदानातच सुरू झाला पाहिजे.

एकाने १०८ नंबर फिरवावा. ही रुग्णवाहिकेची सेवा आपल्या राज्यात २०१४ साली ९३७ गाड्यांनी सुरू झाली. तिला पैसे पडत नाहीत. फोनवर गावाचे नाव, रस्ता, जवळची खूण सांगावी आणि "उष्माघात आहे, माणूस शुद्धीवर नाही" असे स्पष्ट म्हणावे.

तोवर बाकीच्यांनी हात बांधून उभे राहायचे नाही. रोग्याला सावलीत न्यावे. अंगावरचे कपडे उतरवावे. लाज धरायची ही वेळ नव्हे. बाईमाणूस असेल तर बायांनी लुगडे आडवे धरून आडोसा करावा. मग डोक्यापासून पायापर्यंत पाणी ओतावे. विहिरीचे, नळाचे, टाकीचे, मिळेल ते पाणी. पंचा, चादर भिजवून अंगावर टाकावी आणि पुठ्ठ्याने, टोपलीने, पंख्याने जोराने वारा घालावा. ओल्या माठाला वारा लागला की तो गार होतो, तसेच हे. बर्फ मिळाला तर फडक्यात बांधून मानेला, काखांत आणि जांघांत ठेवावा. तिथे मोठ्या रक्तवाहिन्या कातडीच्या जवळून जातात. रक्त गार झाले की सारे अंग गार होते.

गाडी आली तरी हे थांबवू नये. गाडीतही ओले फडके आणि वारा चालू ठेवावा.

तीन गोष्टी मात्र करू नयेत. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी, पन्हे, कांद्याचा रस, काही म्हणजे काही घालू नये. ते श्वासनळीत जाते आणि माणूस गुदमरतो. ओकारी होत असेल तर त्याला कुशीवर वळवावे. दुसरे, तापाची गोळी देऊ नये. हा आजाराचा ताप नव्हे, त्या गोळीने तो उतरत नाही. उलट तापून दमलेल्या यकृतावर तिचा भार पडतो. तिसरे, कांदा हुंगवीत, दृष्ट काढीत वेळ घालवू नये. कांदा खिशात असला तर असू दे. पण कांद्याच्या भरवशावर राहू नये.

इस्पितळाच्या दारात

इस्पितळात अशा रोग्याला अपघात विभागात नेतात. लोक त्याला कॅज्युअल्टी म्हणतात. तो रात्रंदिवस उघडा असतो. तिथे नंबराने बोलवीत नाहीत. जो जास्त धोक्यात, तो आधी. म्हणून हात कापलेला माणूस ताटकळत बसतो आणि मागून आलेल्या बेशुद्ध माणसाला आत घेतात. बसलेल्याला राग येतो. पण यात अन्याय नाही. सव्वादोनशे वर्षांपूर्वी फ्रान्सच्या फौजेत लारे नावाचा शस्त्रवैद्य होता. सैनिकाचा हुद्दा न बघता जखम बघून आधी कोणाला घ्यायचे ते तो ठरवी. आज जगभर हीच रीत आहे. तेव्हा दारातच मोठ्याने सांगा, "उन्हात पडला आहे, बरळतो आहे." म्हणजे आत घेणाऱ्याला लगेच कळेल.

दारात एकाच माणसाने बोलावे. डॉक्टर विचारतील: किती वेळ उन्हात होता? पाणी कधी प्याला? शेवटची लघवी कधी झाली? रक्तदाब, साखर, फिट किंवा मनाचा आजार यांची औषधे चालू आहेत का? दारू घेतली होती का? खरे सांगा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी वाढून अंगातले पाणी कमी होते. मनाच्या आजाराच्या काही औषधांनी घाम कमी येतो. हे डॉक्टरांना ठाऊक असलेले बरे. घरी गोळ्या असतील तर त्यांची पाकिटेच बरोबर न्यावी.

आत काय चालते?

नातेवाइकांना बाहेर बसवतात आणि आत एकदम चार-पाच माणसे रोग्याभोवती गोळा होतात. दाराच्या फटीतून पाहणाऱ्याचा जीव घाबरा होतो. म्हणून प्रत्येक गोष्ट कशासाठी करतात ते समजून घेऊ.

कपडे कात्रीने कापतात, कारण बटणे काढायलाही वेळ नसतो. उष्णता गुदद्वारातून मोजतात. पाणी ओतलेल्या अंगाची काख गार लागते, पण आत भट्टी पेटलेली असते. आतली खरी उष्णता तिथेच कळते. मग पाण्याचे फवारे, पंखे, बर्फ. रोगी कुडकुडतो. बाहेरची म्हातारी म्हणते, "अगं बाई, थंडीनं मारतील त्याला!" तसे नसते. उष्णता ३९ च्या खाली आली की गार करणे थांबवतात. त्यासाठी ती सारखी मोजत असतात.

हाताच्या शिरेत सुई घालून सलाईन लावतात. अंगातले आटलेले पाणी आणि मीठ त्याने परत मिळते. पण मोजून देतात. एकदम फार दिले तर फुप्फुसांत पाणी भरते. "अजून एक बाटली लावा" असा आग्रह म्हणून धरू नये. बोटाला टोचून साखर बघतात, कारण साखर उतरली तरी माणूस असाच बरळतो. हिवताप किंवा मेंदूचा ताप तर नाही ना, हेही तपासतात. छातीला तारा लावून हृदयाचा आलेख काढतात. नाकातोंडावर मुखवटा लावून प्राणवायू देतात.

लघवीच्या जागी नळी घालतात. ती कशाला? किती लघवी होते आणि तिचा रंग कसा आहे, यावरून मूत्रपिंडाची हालत कळते. फार तापल्यावर अंगातले स्नायू झिजून त्यांचा अंश रक्तात उतरतो. मग लघवी काळ्या चहासारखी होते. मूत्रपिंडे तुंबतात. वेळीच कळले तर सलाईनने ती धुऊन निघतात. नाही कळले तर यंत्राने रक्त शुद्ध करण्याची पाळी येते.

रोग्याला या वेळी काय वाटत असते? बहुतेकांना पुढे काहीच आठवत नाही. शुद्ध परतू लागते तेव्हा दिवा डोळ्यांवर, अंगावर नळ्या, आजूबाजूला परकी माणसे. तो घाबरतो, नळ्या ओढतो, उठून पळू बघतो. कधी हात धरून ठेवावे लागतात. त्याला वेड लागलेले नसते. मेंदू अजून पुरता थंड झालेला नसतो, इतकेच. अशा वेळी घरच्या एकाला आत सोडले तर त्याने हात हातात घ्यावा, नावाने हाक मारावी आणि हळू सांगावे, "तू दवाखान्यात आहेस. आम्ही इथेच आहोत." या आवाजाचा गुण औषधाहून कमी नाही.

दुसऱ्या दिवशी फसू नका

दुसऱ्या दिवशी रोगी बोलू लागतो, चहा मागतो. घरचे म्हणतात, "आता बरा झालाय, खर्च कशाला वाढवायचा? घरी नेऊ." इथेच पुष्कळ घात होतो. उष्माघाताचा मार आतल्या आत उशिरा दिसतो. यकृत आणि मूत्रपिंडे यांची खराबी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येते. रक्त गोठण्याची क्रिया बिघडू शकते. म्हणून रोज रक्त तपासतात. डॉक्टर 'थांबा' म्हणाले तर थांबावे. घरी आल्यावरही काही आठवडे उन्हातले काम देऊ नये. एकदा पोळलेल्या माणसाला पुन्हा ऊन लवकर बाधते.

पैसे नाहीत म्हणून दार बंद?

"खिशात दमडी नाही, मोठ्या इस्पितळात कोण घेईल?" ही भीती खरी आहे. पण कायदा आपल्या बाजूचा आहे. १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की डॉक्टर सरकारी असो वा खाजगी, जीव वाचवणे हे त्याचे पहिले कर्तव्य आहे. पश्चिम बंगालमधला एक शेतमजूर १९९२ साली आगगाडीतून पडला. डोक्याला जबर मार लागला. एकामागून एक सरकारी इस्पितळांनी 'खाट नाही', 'सोय नाही' म्हणून त्याला परत पाठवले. तो न्यायालयात गेला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: सरकारी इस्पितळाने वेळेवर उपचार नाकारणे म्हणजे माणसाच्या जगण्याच्या हक्कावर घाला आहे. त्याला भरपाई मिळाली.

आपल्या राज्यात धर्मादाय इस्पितळांनाही बंधन आहे. दहा टक्के खाटा गरिबांना फुकट आणि दहा टक्के खाटा दुर्बळांना सवलतीत द्यायच्या. जीव धोक्यात असलेल्या गरीब रोग्याला त्यांनी आधी घ्यायचे, त्याच्याकडून अनामत रक्कम मागायची नाही. शिवाय महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आहे. तीत असलेल्या इस्पितळात आरोग्यमित्र बसतो. त्याला शिधापत्रिका आणि आधार कार्ड दाखवून, आपला उपचार योजनेत बसतो का ते विचारावे. पण कागद शोधण्यासाठी रोग्याला घरी अडवून ठेवू नये. रोगी आधी न्यावा, कागद मागून कुणीतरी आणावे.

जगाने काय शिकून घेतले?

मक्केच्या यात्रेला लाखो लोक वाळवंटात जातात. तिथे उष्माघात फार. म्हणून १९८० च्या सुमारास डॉक्टरांनी जाळीची खाट बनवली. रोग्याला तिच्यावर निजवायचे आणि चहूकडून बारीक तुषार व वारा सोडायचा. म्हणजे पुन्हा आपल्या माठाचीच युक्ती! दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयाने २०२४ साली उष्माघातासाठी वेगळा कक्ष उघडला. तिथे बर्फाच्या पाण्याच्या टाक्यांत रोग्याला बुडवून गार करतात. अहमदाबादेत २०१० च्या मे महिन्यात उन्हाने हाहाकार केला. पुढे २०१३ साली त्या शहराने उन्हाळ्याचा बंदोबस्त आखला: लोकांना आगाऊ सूचना, ठिकठिकाणी पाणी आणि सावली, दवाखान्यांची तयारी.

असा बंदोबस्त गावालाही करता येतो. त्याला शहर लागत नाही. वाशीच्या बाजारात सातारा-सांगलीकडचे कितीतरी गडी पोती वाहतात. कुणाची मुले इमारतींच्या कामावर आहेत. नव्या माणसाच्या अंगाला उन्हाची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. तोवर मुकादमाने त्याला थोडे थोडे काम द्यावे. जत्रा, सभा, लग्न ठरवताना दुपारची वेळ टाळावी. आणि टाळता येत नसेल तर पाणी, मांडव आणि पडलेल्या माणसाला गार करायची जागा आधी ठरवावी. मांडवाला येणारा खर्च माणसाच्या जिवापुढे किती?

ध्यानात ठेवा

१. उन्हात पडलेला माणूस बरळत असेल किंवा ओ देत नसेल तर तो उष्माघात समजा.

२. एकाने १०८ ला फोन करावा. बाकीच्यांनी त्याच क्षणी पाणी ओतावे, वारा घालावा.

३. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नये. तापाची गोळी देऊ नये.

४. वाटेतही गार करणे थांबवू नये.

५. इस्पितळात एकाने नीट, खरी माहिती सांगावी.

६. शुद्ध आली म्हणून घाईने घरी आणू नये.

हा पाठ वाचून झाल्यावर शेजारी-पाजारी ज्यांना वाचता येत नाही, त्यांना वाचून दाखवा. ऊन कुणाला कधी गाठेल ते सांगता येत नाही. पण विहिरीवरची घागर आणि तीन-चार माणसांचे हात प्रत्येक गावात आहेत. पहिल्या तासात तेवढेही पुष्कळ काम करतात.